बसणाऱ्यांचा स्पंज

टपाल वाटणाऱ्यांची पिशवी ज्याने कोणी ठरवली, त्याने जन्मात चहाच्या कपाहून जड काही उचललेलं नसणार. एकच पट्टा, तोही दोन बोटं रुंद, आणि भार सगळा एका खांद्यावर. असल्या माणसाला तीच पिशवी अडकवून आठवडाभर जिने चढायला लावलं पाहिजे.

माझी धाकटी नणंद ती पिशवी घेऊन रोज हिंडते. घरात तिला भिंगरी म्हणतात. पाळण्यातसुद्धा ती एका जागी राहिली नाही म्हणे. नोकरी लागली तेव्हा "वहिनी, हिंडायचा पगार देतात!" म्हणत स्वयंपाकघरात नाचली होती. आता संध्याकाळी तिचा उजवा हात वर जाईना. केस मी विंचरून द्यायचे. शेवटी साहेबांनीच विचारलं, काउंटरवर बसतेस का? सोमवारी काय ते सांग.

"बसणार कसली, कुजणार मी तिथे," भिंगरी म्हणाली.

"मग पाठीवरची पिशवी घे की."

"साहेब म्हणाले, कसलीही आण, टपाल भिजलं नाही म्हणजे झालं. पण दुकानातल्या सगळ्या वरून उघडतात. दर दाराशी काय अख्खं पोट उपसत बसू?"

"बाजूने उघडणारी मी शिवते," मी म्हटलं.

मी सोफ्यांची कव्हरं शिवते. मशीन दणकट आहे, हात त्याहून. स्कूटरचं जुनं कव्हर फाडलं, बाजूला लांब चेन लावली, शनिवारी दुपारी पिशवी उभी राहिली. राहिले खांद्याचे पट्टे. माझ्याकडे सोफ्याच्या स्पंजाचे तुकडे ढिगाने. ते टेबलावर मांडले आणि घरच्यांना बोलावलं. सगळ्यांनी अंगठा दाबून पाहिला. आमच्याकडे स्पंज असाच निवडतात.

"हा घे," सासूबाई म्हणाल्या. "लोण्यासारखा आहे."

नवरा तर त्यावर बसूनच बघायला लागला. "वा! हाच."

मलाही तोच आवडला होता.

कापडाच्या पट्ट्या उलट्या बाजूने शिवल्या, सुलट्या केल्या आणि त्या नळीत स्पंज घालायला गेले. तो मध्येच गोळा होऊन बसला. नवऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि सासूबाई लाटण्याने आत ढोसत होत्या.

"आई, ढकला ना जोरात!"

"ढकलतेच आहे गं! बाळंतपण आहे की शिवण?"

भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळली. पण दोन्ही पट्टे झाले, आणि दिसायला असे गुबगुबीत की गालगुच्चा घ्यावा.

रविवारी सकाळी पिशवीत रद्दीचे गठ्ठे आणि माझी इस्त्री भरली. भिंगरी बाजारापर्यंत जाऊन आली. दारातच म्हणाली, "छान आहे हं, वहिनी."

या पोरीला खोटं बोलता येत नाही. मी तिची कॉलर बाजूला सारली. खांद्यावर लालभडक वळ.

"खरं सांग."

"दोरीच आहे गं. जरा जाड दोरी." ती खाली बसली. "जाऊ दे. उद्या हो म्हणून टाकते. काउंटरची खुर्ची मऊ आहे म्हणतात."

मऊ! माझं डोकंच फिरलं. पट्टा उसवला, स्पंज चिमटीत धरून दाबला. दोन बोटांच्या मध्ये काही उरलंच नाही. इतकी वर्षं मी बसणाऱ्यांसाठी स्पंज निवडत आले. गिऱ्हाईक टेकतं, "आहा" म्हणतं आणि उठून जातं. ओझं उठून जात नाही. ते दिवसभर बसून असतं, आणि मऊ जे असेल ते पहिल्या वळणावरच शरण जातं. मऊपणाचं कौतुक ज्याला सुचतं त्याने काही वाहिलेलं नसतं. मीही नव्हतं वाहिलं.

मग मी घरातली एकेक वस्तू दाबत सुटले. पायपुसणं. सपाता. हेल्मेटचं अस्तर. शेवटी कपाटामागे हात घातला आणि नवऱ्याची व्यायामाची चटई सापडली. पातळ, घट्ट, दाबली तर जेमतेम खळगा पडेल आणि लगेच भरून येईल.

"अगं, ती नको!" नवरा धावत आला.

"का? कधी वापरलीत?"

"उद्यापासून सुरू करणार होतो."

"जमिनीवर करा. जमीन कुठे पळून चालली आहे?"

कात्री चालवली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. या वेळी नळीत ढोसाढोशी नाही. खाली कापड, मध्ये चटई, वर कापड, आणि सगळ्यांना धरून कडेने गोठ शिवला. पट्टा चार बोटं रुंद ठेवला. मानेशी आत वळणारा, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या. जाड सुई घातली तरी मशीन म्हातारीसारखी कुरकुरत होती. मीही तिला शिव्या घालत होते.

सासूबाईंनी अंगठा लावला. "दगड आहे हा."

"असू दे दगड."

सोमवारी भिंगरी खरं टपाल भरून गेली. त्या दिवशी मी एका सोफ्याच्या पाठीला हाताचं कव्हर लावलं, इतकं लक्ष होतं माझं.

संध्याकाळी ती आली ती बोलतच. कुठल्याशा इमारतीतलं कुत्रं तिच्यामागे थेट गच्चीपर्यंत आलं. एका आजोबांनी पत्र उलटं धरून वाचलं आणि वर उत्तरही सांगितलं. खुर्चीच्या टोकाला टेकून अर्धा चहा संपवला तरी गाडी थांबेना.

"अगं ए," माझ्याने राहवेना, "साहेबांना काय सांगितलंस?"

"कशाचं?"

"काउंटरचं, दुसरं कशाचं!"

"ते होय! मी विसरलेच होते. त्यांनीच अडवून विचारलं. म्हटलं, साहेब, तिथे दुसरं कोणीतरी बसवा, मला उद्या वरची आळी करायची आहे."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "आता ती पाठीवरची पिशवी तरी उतरव. नीट बसून पी चहा."

भिंगरीने कप ठेवला आणि हात मागे नेऊन चाचपडून पाहिलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "आहेच का अजून?"