शालूबाईंचा ट्रे

रविवारी संध्याकाळी श्यामलाबाईंच्या मोबाइलवर दोन देश भांडत होते. वरच्या चौकटीत अमेरिकेतला नातू ओजस, खालच्या चौकटीत इंग्लंडमधली नात मृण्मयी. भांडणाचं कारण एकच, दिवाळीला कोल्हापुरातून गेलेली नानकटाई.

"आजी, ही कुकी आहे," ओजस म्हणाला.

"मुळीच नाही," मृण्मयी उसळली. "बिस्किट आहे. कुकी म्हणजे ती मोठी, मऊ, चॉकलेटचे तुकडे घातलेली."

"बिस्किट तर खारट असतं! पावासारखं, गरम. आम्ही त्याच्यावर ग्रेव्ही घालून खातो."

"बिस्किटावर ग्रेव्ही? शी! आजी, ऐकलंस का?"

ओजसने तावातावाने फोटो दाखवला. तो बघून मृण्मयी खो खो हसली. "अरे, हा तर स्कोन आहे!"

"स्कोन त्रिकोणी असतो. आणि गोड असतो."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे गोल असतो, साय आणि जाम लावून खातात."

श्यामलाबाईंचे यजमान यज्ञेश्वरराव विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. ऐकलेल्या गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय ती निकालात निघाली असं त्यांना वाटतच नसे. वर्तमानपत्राआडून ते म्हणाले, "आमच्या गावात बटर मागितलं तर चहात बुडवायचा कडक गोळा मिळतो. लोणी त्यात औषधालासुद्धा नसतं. तेव्हा चालू द्या तुमचं."

पण मुलांना चालू ठेवायचं नव्हतं, निकाल हवा होता. ओजसच्या शाळेत आजी-आजोबांच्या पदार्थांचं पुस्तक निघणार होतं आणि त्यात एक अख्खं पान 'श्यामला आजीच्या कुकीज' या नावाने राखून ठेवलेलं होतं, फोटोसकट. मृण्मयीने तर शाळेच्या जत्रेत 'श्यामला आजीची बिस्किटं' अशी पाटीही लावली होती.

"आजी, तूच सांग. तूच केलीस ना? तू म्हणशील ते नाव."

तूच केलीस ना! श्यामलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फोन तोंडापासून लांब धरून म्हणाल्या, "आवाज तुटतोय रे बाळांनो," आणि फोन बंद केला. रेंज चांगली भरभक्कम होती. यज्ञेश्वररावांनी वर्तमानपत्र जरा खाली करून बायकोकडे पाहिलं, आणि या वेळी शेरा मारला नाही.

नानकटाई श्यामलाबाईंनी केलेली नव्हती. म्हणजे केली होती, पण ती दुसऱ्याच घरी खाल्ली गेली होती.

कसबा बावड्यात दिवाळीच्या आधी सयाजीच्या बेकरीवर बायकांची रांग लागते. आपापला मैदा, साखर, तूप घेऊन जायचं, समोर बसून मळून घ्यायचं आणि भट्टीतून भाजून आणायचं. ट्रे बाहेर आला की सयाजी चिठ्ठीवर नाव लिहितो आणि कडेच्या एका नानकटाईखाली ती दाबून ठेवतो. सबंध गावाची दिवाळी त्या चिठोऱ्यांवर बिनघोर चालते.

श्यामलाबाईंच्या पाठोपाठ त्या दिवशी शेजारच्या शालूबाईंचा ट्रे निघाला. श्यामलाबाईंचा बंगला ज्या प्लॉटवर उभा, तो पूर्वी शालूबाईंच्याच उसाचा तुकडा. प्लॉट विकून वीस वर्षं झाली, तरी पलीकडून ताक, अळू, शेवग्याच्या शेंगा अजून कुंपणावरून येतच असतात. नानकटाईचं मापसुद्धा तसंच कुंपणावरून आलेलं. त्यामुळे दोघींच्या ट्रेमध्ये रंगाचा, आकाराचा काडीचाही फरक नव्हता. फरक होता तो तुपात. शालूबाईंचं तूप घरच्या म्हशीचं. श्यामलाबाईंनी हिशेब करून अर्ध्या तुपाच्या जागी वनस्पती तूप घातलेलं. बाहेर कुणाला कळतंय?

मोठा पंखा सुरू झाला, चिठ्ठ्या उडाल्या, सयाजीने गडबडीत उचलून पुन्हा खोचल्या. घरी येऊन श्यामलाबाईंनी एक नानकटाई तोंडात टाकली आणि उभ्या जागी थबकल्या. ती जिभेवर विरघळली. त्यांची नानकटाई आजवर कधी विरघळली नव्हती, टाळूला चिकटून बसायची.

तेव्हाच कुंपणापाशी जाऊन हाक मारायची होती. पण कुरियरवाला यायची वेळ झाली होती, शालूबाई गोठ्यात असतील, उद्या सांगता येईल, अशी एकावर एक कारणं त्यांनी रचली. डबे गेले. मग आठवड्याने अमेरिकेतल्या मुलाचा, उन्मेषचा फोन आला. "आई, या वर्षी काय घातलंस? दरवर्षी आम्ही डबा ऑफिसात वाटून टाकतो, या वेळी ओजसने एकट्याने फस्त केला!"

दरवर्षी वाटून टाकतो. हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "काही नाही रे, नेहमीचंच," असं त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर कुंपण उंच झालं.

पलीकडे काय चाललंय ते मात्र सगळं ऐकू येत होतं. शालूबाईंच्या घरच्यांनी दिवाळीत तोंडावर सांगितलं, यंदा म्हातारीचा हात गेला, चव राहिली नाही. कोल्हापुरी घर, गोड बोलायची पद्धत नाही. शालूबाईंनी आधी म्हशीला दोष दिला. तिच्या नवऱ्याने, गणपतरावांनी, म्हशीची पेंड बदलली. पुढच्या कढवणाचं तूप चाखून शालूबाई म्हणाल्या, तूप झ्याक हाय, मग माझाच हात गेला. त्यांनी पुरण सुनेवर सोपवलं, करंजीला हात लावला नाही. आणि आता नात राजनंदिनीचं लग्न महिन्यावर आलं होतं.

राजनंदिनीच सोमवारी कुंपणापाशी आली. "काकू, आज्जीला जरा समजवा की. रुखवतात तिची नानकटाई पायजे म्हणून मी लहानपणापासनं सांगतोय. आता म्हणती, बाजारातनं आणा. माझ्या हातचं मांडलं तर पावणं हसतील म्हणती. रडत हुती काल."

"शालूबाई रडत होत्या?"

"मग काय! आजोबा गेल्यागत घरात शांतता हाय, आन् आजोबा तर बसल्यात तंबाखू मळत."

श्यामलाबाईंना हसू आलं नाही. शालूबाईंना रडताना त्यांनी एकदाच पाहिलं होतं, महापुराच्या वर्षी शिरोळचं माहेर पाण्यात गेलं तेव्हा. त्यांनी पदर खोचला आणि फाटकाने नीट फिरून गेल्या. कुंपणावरून बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

शालूबाई परड्यात शेंगा निवडत बसल्या होत्या. "या वैनी. च्या टाकायला सांगू?"

"नको. शालूबाई, तुमचा हात गेलेला नाही."

"पोरीनं धाडलं व्हय तुमास्नी? उगं समजूत काढू नगा."

"समजूत नाही. दिवाळीला तुम्ही खाल्लीत ती नानकटाई माझी होती. भट्टीवर चिठ्ठ्या उडाल्या तेव्हा ट्रे बदलले. तुमची माझ्याकडे आली."

शालूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांनी एकच विचारलं. "तुमाला कवा कळलं?"

या प्रश्नावर श्यामलाबाईंनी कितीतरी रात्री उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही कामाला आलं नाही.

"त्याच दिवशी. पहिल्या घासाला."

"आन् गप बसला?"

"बसले. मुलांनी कौतुक केलं. मला आवडलं ते."

"माज्या म्हशीला नावं ठिवली मी," शालूबाई सावकाश म्हणाल्या. "तिच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन ठिवली. मालकांनी पेंड बदलली. सुनंच्या हातात पुरण दिलं. आन् तुमी पलीकडनं ऐकत हुता?"

"हो."

"आन् घातलं काय हुतं त्यात? टाळूला मेण लावल्यागत झालतं."

"अर्धं वनस्पती."

"वनस्पती!" घरात कुणी गेल्याची खबर यावी तसा शालूबाईंनी कपाळाला हात लावला. मग शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. "चला."

"कुठे?"

"सोप्यात. समदी बसल्यात जेवायला. दिवाळीला समद्यांनी माज्या तोंडावर सांगिटलंय, आता तुमी त्येंच्या तोंडावर सांगा."

श्यामलाबाईंनी आयुष्यात शिक्षिका म्हणून वर्गात, शिवाय सभेत, हळदीकुंकवात पुष्कळ भाषणं केली होती. हे सर्वांत लहान आणि सर्वांत लांबलेलं. मान खाली घालून त्या बोलल्या. पानावरचे हात थांबले. सुनेने तोंडाला पदर लावला. शेवटी गणपतराव म्हणाले, "म्हंजी पेंड बराबर हुती?"

"व्हय," शालूबाई म्हणाल्या, "पेंड बराबर हुती, म्हस बराबर हुती, हात बराबर हुता. तुमच्या जिभा तेवढ्या म्हागात पडल्या मला." आणि श्यामलाबाईंकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "वैनीस्नी पान वाढ." ही माफी की शिक्षा, हे श्यामलाबाईंना कळलं नाही. त्या निमूट बसून जेवल्या.

पुढच्या रविवारी दोघी सयाजीच्या बेकरीवर होत्या. रुखवताची नानकटाई भट्टीत गेली होती आणि मोबाइलवर पुन्हा दोन देश उगवले. श्यामलाबाईंनी बाकावरच सगळं सांगितलं, काही न गाळता.

"पण आजी," ओजसचा आवाज बारीक झाला होता, "मी तर तुझं नाव देऊन टाकलं."

"खोड ते."

"टीचरला काय सांगू?"

"आजी खोटं बोलली म्हणून सांग."

हे ऐकून मृण्मयीने घाईघाईने विषय बदलला, "मग आता म्हणायचं काय? कुकी की बिस्किट?"

शालूबाईंनी फोन हातात घेतला आणि पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "पोरांनो, कुकी लिवा न्हायतर बिस्कीट लिवा, तुमच्या गावाला जे म्हणत्यात ते लिवा. पर म्होरं माजं नाव लिवा. शालूबाई. कसबा बावडा. आन् खाली लिवा, वनस्पती घालू नये."

बाकावरच्या बाकीच्या बायका हसल्या. श्यामलाबाईही हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं.

ट्रे बाहेर आला. सयाजीने चिठ्ठीवर नाव लिहिलं, ती कडेच्या नानकटाईखाली दाबली आणि पुढच्या ट्रेकडे वळला. वर पंखा गरगरत होता. शालूबाई डबा पुसत होत्या. श्यामलाबाई उठून ट्रेपाशी गेल्या आणि चिठ्ठीवर बोट टेकवून उभ्या राहिल्या. पत्रा अजून तापलेला होता, बोटाला चांगलाच चटका बसत होता.

"वैनी, बोट भाजंल," शालूबाई म्हणाल्या.

"भाजू दे," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि डबा भरून होईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.