पोळ्याच्या दिवशीचा दंड

पिंपळगाव रेणुकाईत मला तापट अप्पाराव म्हणत्यात. म्हणणाऱ्याला मी दोन शब्द ऐकवल्याबिगर सोडत न्हाई, मंग त्याचं म्हणणं आणखीच पक्कं होतं. असू द्या. त्या पोळ्याला ह्या तापटपणाचा एकदाच काय तो उपयोग झाला, ते सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून पहिलाच पोळा होता. चाऱ्याच्या छावणीत जगवलेली माझी जोडी, चांद्या अन् हरण्या, शिंगं रंगवून, अंगावर झूल घालून दारात उभी होती. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं. अन् नेमक्या त्याच दिवशी माझ्या सुनेला, बेबीनंदाला, कळा सुरू झाल्या. लेकरू आडवं हाय, माझ्या हातची गोष्ट न्हाई, असं सुईण म्हणली. एसटी सकाळीच गेल्ती. माझा पोरगा कचरू नुसता भिताडाला टेकून उभा. मी बैलांच्या पाया पडलो, "आजच्या दिवस माफ करा रे बापांनो" म्हणलं, अन् गाडी जुंपली.

तालुक्याला पोचल्यावर दवाखान्याच्या ऐन फाटकात गाडी लावली. बेबीनंदाला उचलून आत नेलं. गाडी कुठं उभी हाय, हे बघायला भान कुणाला होतं?

दुपार कलली तवा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी खुशाल हायेत." खोटं कशाला बोलू, मी तिथंच पटक्याच्या शेवाला डोळे पुसले.

बैलांना सांगावं म्हणून बाहेर आलो, तर बैलच न्हाईत. गाडी जू टेकून फाटकात पडलेली, अन् शेजारी ग्रामपंचायतीचा मुकादम तातेराव दंडाची पावती फाडून राह्यला होता. गाडीवरचं माझं नाव बघून त्यानं ते पावतीवर उतरवलंबी होतं.

"बैल सोडून गाडी फाटकात टाकली," तातेराव म्हणला. "दवाखान्याची जीप अडकली आमची."

"मी जुंपलेली गाडी ठेवून गेल्तो. बैल असते तर कुणीबी चार पावलं सरकवली असती. ज्यानं सोडले त्याला धरा की. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय?"

"मंग सोमवारच्या बैठकीत सरपंचाकडं अर्ज करा. कुणी सोडले तेवढं नाव सांगा. तुमचा दंड माफ, त्याचं आम्ही बघून घेतो."

झालं, माझं ठरलं. दंडाचं काय एवढं न्हाई, पण आमच्या घरातला माणूस पंचायतीत कधी गुन्हेगार ठरला नव्हता. ज्यानं कुणी खोडी केली त्याला भर बैठकीत उभा करायचाच, असं बडबडत मी बैल हुडकायला निघालो.

बैल दवाखान्यामागं लिंबाखाली होते. अंग धुतलेलं, म्होरं हिरवं गवत. एक बाई हरण्याचा खांदा चोळून राह्यली होती. सोनूबाई तिचं नाव. पंचायतीच्या रोजंदारीवर दवाखान्याची झाडलोट करायची, अन् फाटक मोकळं ठेवायचं कामबी तिचंच.

"तुमचेच का हो दादा?" ती म्हणली. "रागवू नका. पोळ्याच्या दिवशी जू घेऊन उभे बघवले न्हाईत. माझ्या बापाची जोडी दुष्काळात गेली. जू उतरवलं, पाणी पाजलं, इथं बांधले. गाडी ढकलायला माणूस बघतच होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईनं हाक मारली. आत एक बाई लई घाबरली होती, तिला धरायला पाहिजे होतं."

ती घाबरलेली बाई म्हणजे माझी सून.

मी दंडाचं सांगितलं, अन् सोनूबाईचा हात थांबला. दिवाळीला तिला कायम करणार होते. घरात कमावणारी ती एकटी. तरी म्हणली, "नाव सांगा माझं, दादा. चूक माझीच हाय. तुम्ही कशापायी दंड भरता?"

मी चांद्याचा खांदा चोळायला लागलो. मी, तापट अप्पाराव.

कचरूनं हौसेनं अर्ज लिहून ठेवला होता. सोमवारी तो खिशात घालून मी बैठकीला गेलो. ओसरीवर सोनूबाई झाडू घेऊन उभी होती, तोंड पार उतरलेलं. सरपंचानं विचारलं, "हां अप्पाराव, बैल कुणी सोडले?"

"मीच सोडले. पोळा होता."

तातेराव उसळला. "त्या दिवशी तर न्हाई म्हणत होते."

"त्या दिवशी रागात होतो."

सगळी बैठक हसली. माझ्या रागाबद्दल सात गावांत कुणाला शंका न्हाई, त्यामुळं सगळ्यांना बिलकुल पटलं. मी दंड भरला अन् खाली आलो. सोनूबाईनं पदर तोंडाला लावला होता. मी म्हणलं, "बाई, तुझे उपकार लई झाले. पुढच्या पोळ्याला घरी ये, कचरू येईल न्यायला."

ती आली. आमच्याकडं पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा पहिला घास घरधन्यानं द्यायचा, ही बापजाद्यांची चाल. त्या वर्षी मी बाजूला सरलो. सोनूबाईनं एका हातानं माझी नात कडेवर धरली, अन् दुसऱ्या हातानं हरण्याला घास दिला.