नवाईच्या आधीची शेंग

भूपेश सरांनी शेंगेला हात घातला, तेवढ्यात गावातल्या रेवाबाईनं विळा आडवा धरला.

"सोमवारी नवाई. गाव देवाला नवं दाखवेल, मग तोड."

सरांनी हसून आपल्या विद्यार्थिनीकडं, रंजिताकडं पाहिलं. नवापूरच्या या डोंगरावर चवळीच्या गोतातला हा वेल रंजितालाच सापडला होता. जगातल्या कुठल्याही पुस्तकात त्याची नोंद नव्हती. फुलांचं वर्णन झालं होतं, शेंग मिळाली की शोधनिबंध पूर्ण. नाव मात्र सरांनी परस्पर ठरवलेलं : संस्थेच्या अध्यक्षांचं. शनिवारी अध्यक्षांचा वाढदिवस होता. शाल-श्रीफळ काय, कुणीही देतं.

"बाई, हे विज्ञान आहे."

"असू दे. तोड मग." रेवाबाईनं विळा खाली घेतला. "नवाईआधी कुणी तोडलं आणि पाऊस बिघडला, तर गाव त्याच्या दारी जातं. तुझं घर कुठं?"

अंधश्रद्धेवरची सरांची व्याख्यानं जिल्ह्यात गाजलेली होती. त्यांनी हात खिशात घातला.

"रंजिता, तू तोड."

"नाही सर. मी सोमवारपर्यंत थांबते."

"तोवर शेंगा तडकल्या तर वर्ष गेलं! तुन्हं डोकं फिरनं का?" रागावले की सर थेट आपल्या गावच्या, रनाळ्याच्या बोलीत उतरत. "तुन्ही पीएच.डी.वर सही कोन करस?"

"तुम्हीच, सर. पण वेल तुमचा नाही. अध्यक्षांचाही नाही."

सर गाडीत बसून गेले. रंजिता रेवाबाईकडं राहिली. रविवारी ऊन असं तापलं, की तिच्या डोळ्यांदेखत तीन शेंगा तडकून बी रानात उडालं. तिनं हात पाठीमागं घट्ट धरले.

सोमवारी पूजा झाली. उरलेल्या दोन शेंगांतली एक रेवाबाईनं देवापुढं ठेवली, दुसरी रंजिताच्या ओंजळीत.

"मावशी, वेलाला तुमचं नाव देऊ?"

"नको गं. शेळ्या मला खातील."

मग गावात वेलाला जे नाव होतं, तेच रंजितानं लिहिलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून भूपेश सरांचं नाव आधीच छापलेलं होतं. तिनं चिठ्ठी उलटी केली, कोऱ्या बाजूला 'संग्राहक' लिहिलं आणि पेन रेवाबाईच्या हाती दिलं. रेवाबाई बचतगटात शिकलेली सही सावकाश, जीभ दाताखाली धरून करत राहिली.

फोन वाजला. सरांचा. रंजितानं तो उचलला आणि शेंगेवरच्या कागदावर पालथा ठेवला. शेंग सपाट वाळायला वजन लागतंच.