लाल गोळी आणि कोरा चहा

मालतीबाईला त्या दिवशी ट्रेनिंगला जायचंच नव्हतं. खरं सांगायचं तर मागच्या दोन वर्षांची ट्रेनिंगंही तिनं बुडवली होती. सुरतच्या लिंबायत भागातल्या अंगणवाडीत अकरा वर्षं झाली, पहिल्या ट्रेनिंगची वही तोंडपाठ. आता कोण येऊन काय नवीन सांगणार? पण अंगणवाडीतली मदतनीस मंदा म्हणाली, "जा ना बाई, तिथं गाठिया-जलेबी देतात." म्हणून गेली.

शहरात प्लेग येऊन गेला त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. हॉलमध्ये पन्नास बाया, पंखे तीन, त्यातला एक बंद. एक बारकीशी डॉक्टरबेन उभी राहिली. टेबलावर काचेचा ग्लास, त्यात पाणी, पाण्यात लोहाची गोळी विरघळवलेली. आपण गरोदर बायांना वाटतो तीच लाल गोळी. थर्मासमधला कोरा चहा तिनं ग्लासात ओतला.

ग्लास काळा झाला.

चहाचा तपकिरी रंग नाही हो. काळाभोर. दौतीत बोट बुडवावं तसा.

"गोळीतलं लोह चहानं धरून ठेवलं," डॉक्टरबेन म्हणाली. "आता ते पोटात जाणार आणि बरंचसं तसंच बाहेर पडणार. रक्ताला काय मिळणार?"

मालतीबाईच्या हातातला गाठिया हातातच राहिला. शेजारच्या गुजराती बाईला तिनं हळूच विचारलं, हे नवीन आहे का? ती बाई हसली. "गया वर्षे पण बताव्युं हतुं ने! तमे नहोता आव्या?"

नव्हती आली. आणि बाया गोळी विसरतात म्हणून "सकाळच्या चहासोबत घेत जा" ही युक्ती मालतीबाईची स्वतःची होती. वहीत कुठंच नव्हती. अख्खी गल्ली ती पाळायची.

गल्लीतलीच गरोदर चंचल तर सगळ्यात जास्त पाळायची. तिला सहावा महिना सरत आलेला. घरी बसून मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायची आणि दोन साड्या झाल्या की भिंतीला टेकायची. तीन महिने रोज गोळी, तरी रक्ताचा आकडा सातच्या वर हलेना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, नऊच्या वर गेलं नाही तर बाळंतपणात मी भरवसा देत नाही. मागच्याच आठवड्यात मालतीबाईनं तिला झापलं होतं. "खोटं बोलतेस तू. गोळ्या मोरीत टाकतेस." पोरगी रडली होती.

घरी आल्यावर मालतीबाईनं दार लावलं. गोळीवरचा लाल रंग ओल्या फडक्यानं पुसला, गोळी लाटण्यानं चुरली, पाण्यात टाकली, वरून कोरा चहा. काळं. पुन्हा केलं. पुन्हा काळं. तिसऱ्यांदा तर नुसतं बघायलाच केलं. ज्या चहावर तिची हयात गेली, तो असा काही करू शकतो हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ग्लास, गोळी आणि चहाची किटली घेऊन चंचलच्या घरी गेली. दारातच चंचलचा सासरा, हिलालआबा. मूळचा खानदेशचा, सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये रात्रपाळीचा वॉचमन. सत्तरीला टेकलेला, पण घर त्याच्या शब्दावर चालायचं, आणि त्याचा पहिला शब्द चहा.

"ये व माय," आबा म्हणाला. "आज किटली घरून आणी? आमना चहा गोड नही लागत का?"

"आबा, आज प्यायला नाही आणला." मालतीबाई चंचलसमोर जाऊन बसली. गल्लीतल्या चार बाया दाराशी जमल्याच होत्या. "चंचल, तू गोळ्या टाकत नव्हतीस. चूक माझी होती. चहासोबत घे म्हणून मीच सांगितलं."

शेजारची कलाबाई लगेच म्हणाली, "म्हंजे? माझ्या दोन बाळंतपणात मी काय खाल्लं, खडू?"

"जवळजवळ खडूच," मालतीबाई म्हणाली, ग्लासातल्या पाण्यात गोळी चुरून टाकली आणि वरून चहा ओतला.

ग्लास काळा झाला. कलाबाई पुढं सरकून वाकून बघू लागली.

हिलालआबा उठला. ग्लासात बोट बुडवलं, धोतराच्या सोग्यावर पुसलं आणि डाग डोळ्याशी नेला. "हाऊ रंग मी ओळखस," तो म्हणाला.

"कसा काय आबा?"

"तरुणपणी मी कापड छापायच्या कारखान्यात होतो. मिलचे रंग नव्हते तिथं. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवायचं, कापडाला हिरडा लावायचा, वरून लोखंडाचं पाणी. काळा रंग! तुरट वस्तूनं लोखंड धरलं की धरलं. तापीत आपट, साबण लाव, निंघाव नही." त्यानं सुनेकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला. "म्हंजे ही पोर तीन महिने पोटात रंगच करत बसली व."

"चहा बंद नाही करायचा आबा," मालतीबाई म्हणाली. "फक्त गोळीच्या आधी-नंतर दोन तास नाही. आणि गोळी लिंबूपाण्यासोबत, डॉक्टरबेननं सांगितलंय."

"लिंबू?" आबा थबकला. "कलाबाई, तुझ्याकडं लिंबू शे?"

लिंबू आलं. त्यानं दातानंच फोडलं आणि त्या काळ्या ग्लासात पिळलं. "साबणले दाद देत नही, पण आम्हाले डाग काढाना राहिना तर हेच चोळूत."

काळं फिकं होऊ लागलं. वरून खाली, धुकं सरकावं तसं. शाईचं पुन्हा चहासारखं पाणी झालं, आरपार दिसायला लागलं, आणि पलीकडं चंचलचा चेहरा दिसला, तोंड उघडं. हे डॉक्टरबेननं दाखवलंच नव्हतं. पुढच्या ट्रेनिंगला आबालाच घेऊन जायला पाहिजे, मालतीबाईला वाटलं.

"आबा, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं?"

"कापडाचं माहीत होतं," आबा म्हणाला. "माणसाचं कुणी विचारलं?"

त्या दिवसापासून चंचलची गोळी आबाच्या ताब्यात. दुपारी एकला लिंबूपाणी घेऊन उभा राहायचा, आणि अकरापासून तीन वाजेपर्यंत घरात कुणालाच चहा नाही, स्वतःलाही नाही. मुलगा कुरकुरला तर म्हणाला, "तुना पोटात पोर शे का? मंग चूप बस."

सात आठवड्यांनी दवाखाना. नर्सनं चंचलच्या बोटातलं रक्त काचेच्या बारीक नळीत टाकलं. नळीत औषध असतं, त्यात रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत ते शेजारच्या नमुन्याच्या काचेइतकं फिकं करायचं. रक्तात जोर जास्त असला तर पाणी जास्त लागतं. नळीवर आकडे कोरलेले. मागच्या वेळी सातलाच रंग जुळला होता.

नर्स थेंब सोडायची, काडीनं ढवळायची, खिडकीच्या उजेडात धरायची. सात गेलं. आठ गेलं. मालतीबाईनं चंचलचा हात कधी धरला, दोघींनाही कळलं नाही.

"किती झालं?" चंचलनं विचारलं.

"थांब ना. अजून पाणी मागतंय तुझं रक्त."

नऊची रेघ पाण्याखाली गेली. नर्सनं नळी उजेडात धरली, भुवया उंचावल्या, आणि पुन्हा पाण्याकडं हात नेला.