रिकामी वाटी

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली ती पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच, म्हणजे भर रस्त्यात खोळंबा तरी झाला नाही. टो करून काशीमीऱ्याला चंदनच्या गॅरेजात नेली. गॅरेजात पोचल्यावर आमचे हे, शशिकांत, म्हणाले.

"सुचेता, आता पुरे. या वेळीही मोठा खर्च निघाला, तर मी शेजारच्या जितेंद्रला हो म्हणणार. तो आहे तशी गाडी विकत घ्यायला तयार आहे."

मी मान हलवली. भांडण मला जमत नाही. संसारात माझा आवाज कधी चढला असेल तर तो हॉर्नचाच. यांची नजर अधू झाली तेव्हा पंचेचाळिशीत मी गाडी शिकले. यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, मला मंगळवारी राई गावातल्या देवळात जायचं, सगळं या मरून रंगाच्या गाडीनेच. ती दुसऱ्या कुणाच्या दारात उभी दिसली तर मला सोसणार नाही, हे मी फक्त देवाला सांगितलं होतं.

चंदनने बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आंटी, फिर से चूहा! पूरी वायरिंग खा गया."

"पण मागच्या महिन्यात तर बदलली," हे म्हणाले.

"अंकल, चूहे को क्या मालूम, नयी है?"

मग तो आत वाकला. डॅशबोर्डखालचं कव्हर काढून त्याने हात घातला आणि एक गुबगुबीत गोळा बाहेर काढला. उंदराचं घरटं. मऊ कापूस, त्यात चण्याची सालं.

कापसाला जागोजागी कुंकू लागलेलं होतं.

मी तिथे पडलेल्या एका टायरवरच बसले. ती माझी वस्त्रं होती. घरची पूजा झाली की रोज खाली यायचं, गाडीतल्या गणपतीला कापसाचं वस्त्र वाहायचं, वाटीत गूळ-चणे ठेवायचे, हा गाडी आली त्या दिवसापासूनचा माझा नेम. संध्याकाळी वाटी रिकामी दिसायची. काचा बंद, दारं बंद, तरी रिकामी. मी हात जोडायचे. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं की पुण्य जातं म्हणून.

आता गप्प राहिले असते तरी चाललं असतं. चंदनला काही कळलं नव्हतं, यांना तर कुंकू दिसतच नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "उंदीर मीच पोसलाय."

सगळं सांगितलं. हे माझ्याकडे वळले.

"म्हणजे जेवण आपलं, अंथरूण आपलं, आणि मोडतोडीचं बिलपण आपलंच?"

"बाप्पाचं वाहन आहे ना ते," मी हळूच म्हटलं.

"आणि आपलं वाहन?"

चंदन हसू दाबत दुसऱ्या गाडीकडे वळला. जाताना म्हणाला, "आंटी, पूजा करो, बस डब्बा मत छोडो."

यांच्या खिशातला फोन वाजला. जितेंद्रच होता. "नाही रे, थांब जरा," हे दमलेल्या आवाजात म्हणाले. "कारण सापडलंय. आता एकदाच करून बघू." माझ्याकडे न बघता त्यांनी चंदनला काम सुरू करायला सांगितलं. या खर्चापायी यंदाचं कोकणात जाणं राहणार, एवढं दोघांनाही कळलं.

गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. हे माझ्याबरोबर खाली आले. मी वस्त्र वाहिलं, वाटी ठेवली, स्तोत्र संपेपर्यंत डोळे मिटले. मग वस्त्र उतरवून पिशवीत ठेवलं. भरलेलीच वाटी उचलली. माझा उपास, म्हणून चणे यांच्या तळहातावर ठेवले. ते शेजारच्या सीटवर बसून सावकाश चावत राहिले.

"मीठ नाही गं यात."

"नैवेद्याला मीठ नसतं."

मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, तो काही विझेना.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"दिवा लागलाय."

"कुठला?"

"माहीत नाही," म्हटलं, आणि गाडी काशीमीऱ्याला चंदनकडे वळवली.