तीनशे अकरा चेहरे

प्लासिड सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी चित्रकला. तरी हिशेब चुकला तो त्यांचाच, हे मी आजही ऐकवते.

त्र्याण्णव साली सरांनी 'बावखल' नावाचं चित्रकथांचं मासिक काढलं. वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्याच्या तळ्यात, राहणारं एक आगाऊ कासव आणि त्याच्या भानगडी. गोष्टी सरांच्या, चित्रं माझी, छपाई सातिवलीच्या एका शेडमध्ये. रविवारी मिस्सा सुटली की सर चर्चबाहेर अंक घेऊन उभे राहायचे, आणि आगाशीच्या बाजारात मी. अंक हातोहात खपायचे, कारण सरांनी एक शब्द देऊन ठेवला होता. जो वर्गणी भरेल, त्याचा फोटो घेऊन त्याचा चेहरा गोष्टीत काढायचा.

पोरं वेडी झाली. नालासोपाऱ्याच्या चाळींतूनही पाकिटं येऊ लागली. सहा वर्षांत सातशे त्रेचाळीस फोटो जमले. आणि एका अंकात मी काढू शकायचे सहा चेहरे.

"सर, या वेगानं शेवटच्या पोराचं लग्न होईल," मी म्हणाले.

"बाई, आपन पानं वाढवू," सर म्हणाले. पानं कुठली वाढतात? पोरं मात्र वाढत होती. दुधाचे दात पडलेल्याला मी बोळका काढायचे आणि अंक हातात पडेपर्यंत तो पक्क्या दातांनी ऊस सोलत असायचा.

मग वर्गणीदार गळू लागले. नव्याण्णवच्या मे महिन्यात 'बावखल' बंद पडलं. सरांनी कोणाला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला. "पोरगं अंक उघडतं, पयला आपला चेहरा शोधतं. नाय सापडला की मिटून ठेवतं. मी पोरांना फसवलं, बाई," असं ते शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून म्हणायचे. उरलेल्या फोटोंचा डबा त्यांनी कपाटात ठेवला होता. तीनशे अकरा फोटो.

निवृत्त झाल्यावर, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, ते तो डबा घेऊन माझ्याकडे आले. शेवटचा अंक काढायचा म्हणाले.

मी तडकले. "चार वर्षं झाली, सर. कोण विचारतंय आता?"

"पोरं विचारत नाय म्हनून काय झालं? बोललो होतो मी."

अशा माणसापुढे बोलून उपयोग नसतो. मी कासवाचं लग्न लावलं आणि तीनशे अकरा पोरांना वऱ्हाडात बसवलं. सोळा पानं, दीड महिना, डोळ्यांची वाट. शिव्या घालत काढत होते, पण एकही चेहरा उरकला नाही.

छापून आल्यावर पहिली प्रत आम्ही सॅमीकडे घेऊन गेलो. नऊ वर्षांचा असताना त्यानं फोटो दिला होता. आता दारात मिसरूड फुटलेला उंच पोरगा उभा होता. सातव्या पानावर बोट ठेवून सर म्हणाले, "उशीर झाला, बाला. माफ कर."

सॅमीनं पान बघितलं, सरांकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "सर, मी फोटो दिलेला? मला आठवत पन नाय. कासव लय आवडायचं. मग आम्ही क्रिकेटला लागलो."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं ज्याच्यापायी या माणसानं जीव कुरतडला, त्याला पत्ताच नाही. मी बोलणार, तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

"म्हंजे तू वाट बघत नव्हता?"

"नाय, सर."

"बरं झालं," सर म्हणाले. "देवाची कृपा. मला वाटायचं, सगली पोरं वाट बघत बसलीत."

स्कूटरवर त्यांच्यामागे बसून मी पदरानं डोळे पुसत राहिले. उरलेले तीनशे दहा अंक वाटायला आम्हाला चार रविवार लागले.