चंद्रीचं दूध

रागिणीनं पातेल्यात सुरी घातली. दुधाची घट्ट वडी स्वच्छ कापली जायला हवी होती, पण सगळं पातळ खिरीगत हललं. आठवड्यातली ही तिसरी खेप वाया गेली.

सेनगावजवळच्या वस्तीवर त्यांच्या बावीस दुभत्या शेळ्या होत्या. त्यांच्या दुधाचं चीज करून नांदेडच्या हॉटेलांना द्यायचं, ही कल्पना रागिणीची. लग्नाआधी डेअरीचा डिप्लोमा केला होता, तो तिला वाया घालवायचा नव्हता.

"पाल्याचा दोष हाय," सासू चांगुणाबाई म्हणाली.

"रेनेट जुनं झालं असंल," नवरा प्रभू म्हणाला. रेनेट म्हणजे दूध जमवायचं औषध.

रागिणीनं पाला बदलला, नवी बाटली आणली. तरी दूध जमेना. मग तिनं बावीस स्टीलचे पेले मांडले, प्रत्येकावर शेळीच्या नावाची चिठ्ठी लावली, सारखं दूध आणि सारखे थेंब घालून पेले कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवले. अर्ध्या तासानं एकेक पेला तिरका केला. अठरा पेल्यांतलं दूध जागचं हललं नाही. चारांतलं वाहिलं. ते चार होते चंद्रीचे आणि तिच्या तीन लेकींचे.

चांगुणाबाईचा चेहरा उतरला. चंद्री तिनं हातानं वाढवलेली. "दोन लिटर देती ती! तिच्यात खोट?"

"खोट न्हाई, आत्याबाई. केसीन नावाचं प्रथिन दुधात असतं, त्याच्यानंच दूध जमतं. त्यातला एक प्रकार चंद्रीला जल्मापासून कमी असावा. कानाच्या रंगावानी ते आई-बापाकडून लेकराकडं जातं. चाऱ्यानं बदलत न्हाई."

खात्रीसाठी तिनं चौघींच्या रक्ताचे नमुने डिप्लोमाच्या जुन्या सरांकडे पाठवले. तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला, अंदाज बराबर निघाला. तोवर चौघींचं दूध वेगळं काढायला लागल्यावर चीजही घट्ट व्हायला लागलं होतं.

पण गावात भलतंच पसरलं, चंद्रीचं दूध म्हणे हलकं, कुणालाबी सोसतं. एका सकाळी शेजारच्या गावची आकांक्षा दहा महिन्यांची पोरगी घेऊन आली. गायीचं दूध पाजलं की लेकराच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे.

"तेवढं हलकं दूध द्या, मावशी."

चांगुणाबाईनं कौतुकानं तांब्या भरला. रागिणीनं तांब्यावर हात ठेवला. "न्हाई, ताई. हे द्यायचं न्हाई."

"काहून? दूध हाय की तुमच्याकडं!" आकांक्षाचा आवाज चढला.

"एक प्रथिन कमी हाय, बाकीची हाएतच. गायीच्या अन् शेळीच्या दुधातली प्रथिनं सख्ख्या बहिणींवानी असतात. एक सोसली न्हाई तर दुसरी बी बहुतेक सोसत न्हाई. ओठ सुजायले म्हंजी खेळ न्हाई. आत्ताच डॉक्टरकडं चला."

पाहुणीसमोर सुनेनं अडवलं, हे चांगुणाबाईला लागलं. प्रभूनं मायलेकींना मोटारसायकलवर हिंगोलीला नेलं.

दुपारी आकांक्षाचा फोन आला. चांगुणाबाईनंच उचलला. "मावशी, डॉक्टर म्हनले शेळीचं पाजलं असतं तर जिवावर बेतलं असतं. लेकरासाठी खास डब्याचं दूध लिहून दिलं. वहिनीला सांगा."

चांगुणाबाई फोन ठेवून गोठ्यात गेली. मग तिनं सुनेला हाक मारली. "चंद्रीचा पाठा कळपात सोडायचा व्हता बोकड म्हनून. त्याची पिल्लं बी तशीच निपजतील का?"

"बरीचशी निपजतील."

"मग त्याला विकून टाकू. बोकड दुसरा बघू, मी येते संगं." चंद्रीपुढं पाला टाकत ती म्हणाली, "चंद्रीला मात्र कुनी हात लावायचा न्हाई. तिचं दूध आपन चहाला ठेवू. मला तेच गोड लागतं."